एकेचाळीस पोत्यांवरची नावे

प्रति,
मेहेरबान जिल्हाधिकारी साहेब,
जिल्हा औरंगाबाद, मुंबई राज्य.

अर्जदार: सिराजोद्दीन वल्द करीमोद्दीन, वय ४६, धंदा दुकानांच्या पाट्या रंगविणे, राहणार जुना जालना.

विषय: सरकारी धान्याच्या एकेचाळीस पोत्यांवर असलेली खासगी नावे अर्जदारास स्वतःच्या हाताने व बिनमजुरीने पुसू देण्याबाबत.

संदर्भ: १) सामान ठेवून घेतल्याची पावती, दि. १८ फेब्रुवारी १९५७.
२) कारणे दाखवा नोटीस, दि. ३० सप्टेंबर १९५७.

मेहेरबान साहेबांचे सेवेशी सादर की,

१. अर्जदार सिराजोद्दीन यास मराठी बोलता येते, मराठी अक्षरे रंगवताही येतात, पण मराठीत कागद लिहिता येत नाही. पूर्वी कचेरीत उर्दू अर्ज चालत, तेव्हा त्याला कोणाची गरज पडली नाही. आता त्याने तोंडी सांगितलेली हकीकत खाली सही करणारा अर्जनवीस भालचंद्र याने लिहून घेतली आहे. जे घडले ते क्रमाने लिहावे आणि कोणासाठी शिक्षा मागू नये, असा अर्जदाराचा आग्रह आहे. म्हणून ज्या तालुका कचेरीत हे घडले तिचे व तेथील माणसांचे नाव या अर्जात नाही. पावतीवर शिक्का आहे, साहेबांना पाहता येईल. "त्यांनाबी लेकरंबाळं हायेत," असे अर्जदार म्हणतो. अर्जनवीसाचे मत वेगळे आहे, पण अर्ज अर्जदाराचा आहे.

२. सिराजोद्दीनचा बाप निजामाच्या राज्यात उर्दू पाट्या रंगवीत असे. तोच धंदा मुलाकडे आला. सन ४८ नंतर राज्य बदलले तशा पाट्याही बदलल्या. ज्या दुकानदारांनी त्याच्याकडून उर्दू पाटी करून घेतली होती, तेच येऊन म्हणू लागले, "मियाँ, ही पुसा अन् मराठी काढा." तेव्हा त्याचे वय सदतीस. त्याने पहिलीच्या मुलांचे पुस्तक आणले आणि 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत एकेक अक्षर जुन्या पत्र्यावर काढून पाहिले, पुसले, पुन्हा काढले. दोन वर्षांत हात असा बसला की मोंढ्यातले अडते मुद्दाम त्याचीच वाट पाहू लागले. त्याचा काना सरळ, वेलांटी भरीव, ओळ सुतात. नवख्या माणसाला ते अक्षर छापील वाटते. पुढे जे झाले त्यात या अक्षराचा मोठा हात आहे, म्हणून एवढे सांगितले.

३. सन ५३ च्या उन्हाळ्यात तो केदारखेड्याच्या शाळेची पाटी रंगवायला गेला होता. पाटी वाळेपर्यंत गावात फिरताना त्याला एका घराची भिंत दिसली. पांढऱ्या मातीने सारवलेल्या त्या भिंतीवर काव, कोळसा आणि कपड्याची नीळ एवढ्यावर चित्र काढलेले होते. मोट ओढणारे बैल होते, विहिरीवर वाकलेल्या बाया होत्या आणि एक मोटारगाडी होती. गाडीच्या प्रत्येक खिडकीत एकेक तोंड होते आणि प्रत्येक तोंड निराळे होते. घर गोजरबाईचे. बाई पन्नाशीची, नवरा वारल्यावर स्वतःचे दोन एकर स्वतः कसणारी. ती शेणाची पाटी घेऊन आली तेव्हा हा माणूस भिंतीला नाक लावून उभा होता.

"ही गाडी कुठं पाहिली बाई?" त्याने विचारले.

"सडकेनं जाते की. आमच्या गावात थांबत न्हाई," गोजरबाई म्हणाली. "म्हनून तोंडं दिसत न्हाईत. मी आपली माझ्या मनानं भरली."

दरवर्षी पावसात चित्र वाहून जाई आणि दिवाळीला ती नवे काढी. सदतिसाव्या वर्षी अक्षरे शिकून आपण मोठी कमाई केली असे सिराजोद्दीनला वाटत होते. ती त्या भिंतीपुढे थोडी वाटू लागली.

४. पंधरा दिवसांनी तो पुन्हा गेला. एक जुने पोते उसवून त्याने त्याचा सपाट तुकडा केला होता, चिंचोक्याच्या खळीने तो ताठ केला होता आणि वरून पांढऱ्या मातीचा हात दिला होता. गोजरबाईने तो जमिनीवर पसरला, तळव्याने चाचपला आणि म्हणाली, "भिंतीपेक्षा गुळगुळीत हाय." तिने त्यावर तीच गाडी काढली. सिराजोद्दीनने चित्राखाली डाव्या कोपऱ्यात तेलाच्या रंगाने, आपल्या पाटीच्या अक्षरात, 'गोजरबाई, केदारखेडा' असे लिहिले. अक्षरे तिला वाचता येत नव्हती. "एवढुसं माझं नाव?" म्हणून तिने त्यावर बोट फिरवले आणि बोटाला ओला रंग लागला.

५. सिराजोद्दीनचा मेहुणा याकूब याचा एक जुना मालट्रक आहे. हंगामात त्यावर कापूस जातो आणि हंगाम सरला की तो दारात उभा असतो. उन्हाळ्यात हा ट्रक घेऊन बाजाराच्या गावी जायचे, फाळके खाली सोडायचे, दोऱ्या बांधून चित्रे टांगायची आणि लोकांना दाखवायची, असे सिराजोद्दीनने ठरवले. याकूब म्हणाला, "दुल्हेभाई, लोक बाजारात भाजी घ्यायला येतात." तरी त्याने ट्रक काढला. ट्रकच्या डोक्यावर पाटी लागली: 'गावोगावची चित्रे. पाहण्यास पैसे नाहीत.'

पहिल्या वर्षी सात चित्रे होती, सातही गोजरबाईची. धावड्याच्या बाजारात एक म्हातारी बराच वेळ पाहत राहिली आणि "हे तर मलाबी येतं" असे म्हणून निघून गेली. पुढच्या खेपेला तिने खरोखरच चित्र काढून ठेवले होते. मग एका गावचे दुसऱ्या गावाला कळत गेले. सिराजोद्दीन उसवलेली पोती देत गेला, माणसे चित्रे देत गेली, आणि प्रत्येक चित्राखाली काढणाऱ्याचे नाव व गाव तो तेलाच्या रंगाने लिहीत गेला. चार वर्षांत एकोणीस गावची एकेचाळीस चित्रे झाली. त्यांत चौदा गोजरबाईची.

विक्री नव्हती. काहींनी मागितली, पण सिराजोद्दीनने ती दिली नाहीत. तो म्हणे, "विकलं तर एका घरात जाईल. मंग बाकीचे कुठं बघतील?"

६. परवानगीची अडचण मात्र दरवर्षी येई. एका बाजारात जमादाराने विचारले, "तिकीट न्हाई, विक्री न्हाई, औषध न्हाई. मंग तुमचा धंदा काय?"

"दाखवणं," सिराजोद्दीन म्हणाला.

"दाखवून काय करता?"

"पुढच्या गावी नेतो."

जमादाराने ट्रकखाली वाकून पाहिले. तेथे काही सापडले नाही तेव्हा त्याचा संशय वाढला. शेवटी परवान्यात तमाशा, सर्कस, दवाखाना हे शब्द खोडून 'इतर' एवढा एक शब्द ठेवण्यात आला. सिराजोद्दीनने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. उभे राहू दिले, एवढे त्याला पुरे होते.

७. एकदा गोजरबाई परतूरच्या बाजाराला ट्रकमधून आली. केबिनमध्ये याकूबशेजारी ती पदर डोक्यावरून घट्ट ओढून बसली होती. बाजारात ती चित्रांपाशी गेली नाही. समोरच्या धान्याच्या ढिगाआड उभी राहून लोक काय बोलतात ते ऐकत राहिली. एक हमाल पाठीवरचे ओझे न उतरवता तिच्या गाडीच्या चित्रापुढे थांबला, खिडक्या मोजल्या आणि "ह्यात एक आमचा मुकादम हाय" असे म्हणाला. एका बाईने बैलांकडे बोट दाखवून लेकीला सांगितले, "बघ, कसे हसून राह्यले." परत येताना अर्ध्या वाटेवर गोजरबाई म्हणाली, "पेंटरभाऊ, ते बैल हसत न्हाईत. दमलेत. पुढच्या टायमाला नीट काढते." तिने खरोखरच ते पुन्हा काढले, आणि सिराजोद्दीनच्या मते ते तिचे सगळ्यांत चांगले चित्र होते.

८. दि. १८ फेब्रुवारी १९५७ रोजी ट्रक बाजाराला निघाला असताना सडकेवर थांबवण्यात आला. निवडणुकीच्या कामासाठी गाड्या ताब्यात घेण्याचा हुकूम होता. सिराजोद्दीनने हुकमाला हरकत घेतली नाही, आजही घेत नाही. मतपेट्या गावोगाव पोचल्या पाहिजेत हे त्याला कळते. याकूब एवढेच म्हणाला, "साहेब, दोन तास द्या. चित्रं जालन्याला उतरवून येतो." दोन तास मिळाले नाहीत. कचेरीमागच्या गोदामात सामान उतरवा, निवडणूक झाली की घेऊन जा, असे सांगण्यात आले.

चित्रे एकावर एक ठेवून, मध्ये कागद घालून, सिराजोद्दीनने स्वतः रचली. कारकुनाने मोजली आणि पावती लिहिली: 'जुनी पोती, उसवलेली, रंग लागलेली, नग ४१.' सिराजोद्दीनला मराठी कागद वाचताना वेळ लागतो, पण 'पोती' हा शब्द त्याने एका सुतळीच्या दुकानासाठी हातभर अक्षरांत रंगवलेला होता. तो म्हणाला, "रावसाहेब, इथं पोती लिहिलंय. ही चित्रं हायेत."

कारकून म्हणाला, "पोत्यावरच काढली ना? मग पोतीच. आकडा बराबर आहे का तेवढं बघा."

आकडा बरोबर होता. बाहेर याकूबच्या ट्रकवर पेट्या चढत होत्या, जमादार घाई करीत होता. सिराजोद्दीनने सही केली. साहेब, ही सही त्याची आहे, ती कोणी त्याच्याकडून जबरदस्तीने घेतलेली नाही. या अर्जात दुसऱ्या कोणाची चूक लिहायची असेल तर ही आधी लिहावी, असे त्याने अर्जनवीसास तीनदा सांगितले.

९. निवडणूक झाली. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात ट्रक परत मिळाला. त्याचे एक फाळके मोडले होते, पण ते लाकूड आहे, बसवता येते. चित्रे घ्यायला सिराजोद्दीन गेला तेव्हा गोदामाची किल्ली पुरवठ्याच्या माणसाकडे होती आणि तो माणूस रजेवर होता. पुढच्या खेपेस माणूस होता, पण सामान निवडणूक शाखेचे असल्याने त्या शाखेची चिठ्ठी हवी होती. ती शाखा निवडणुकीनंतर उठली होती. एप्रिल आणि मे मिळून त्याने सात खेपा घातल्या. एकदा त्याला खिडकीच्या गजांतून आत पाहू दिले. गठ्ठा जागेवर होता, आणि त्यावर कोणीतरी तराजू ठेवला होता. जूनमध्ये त्याचा मुलगा तापाने आजारी पडला आणि जुलै अर्धा सरेपर्यंत त्याला घर सोडता आले नाही.

१०. नेमके त्याच वेळी, पावसाने ओढ दिल्यामुळे, गावोगाव स्वस्त धान्याची दुकाने उघडण्याचे ठरले. धान्य आले, पोती कमी पडली. नोंदवहीत 'जुनी पोती, नग ४१' अशी नोंद होती. पोती रंगलेली आहेत, असे कोणीतरी म्हणाले. तेव्हा ती धुऊन घ्यावीत व शिवून वापरावीत असा लेखी हुकूम झाला. ती नदीवर नेऊन धुतली. माती, काव, कोळसा, नीळ हे सगळे पाण्याचे सोबती, ते पाण्याबरोबर गेले. तेलाचा रंग तागात मुरतो, तो गेला नाही. एकेचाळीस पोती कोरी झाली आणि प्रत्येकावर तेवढे नाव राहिले.

मग ती शिवली, त्यांत ज्वारी भरली, आणि गाड्या लादताना हमालांपैकी ज्याला वाचता येत होते त्याने पोत्यावरची गावे वाचून ती त्या त्या गावच्या गाडीत टाकली. त्यात त्याचे काय चुकले? त्याने अक्षर वाचले. कचेरीत वाचता येणारी पुष्कळ माणसे होती, त्यांनी ते वाचले नव्हते.

११. ऑगस्टमध्ये केदारखेड्याचा एक माणूस सरकीसाठी जालन्याला आला आणि निरोप देऊन गेला. गोजरबाईने सांगितले होते: "पेंटरभाऊला म्हनावं, पोतं पोचलं. सरकारनं चित्रं ठिवून घेतली अन् माझ्या नावानं ज्वारी धाडली. त्यांचे लई उपकार झाले." तिच्या नावाच्या चौदा पोत्यांपैकी त्या खेपेला एकच केदारखेड्याला गेले होते, बाकीची तेरा अजून गोदामात होती. दुकान चालवणारा गृहस्थ त्या कामात नवा होता. सरकारी पोते, त्यावर छापील वाटावे असे अक्षर, त्यात बाईचे नाव आणि गाव. त्याने शाळेच्या मास्तरांकडून वाचून घेतले आणि पोते तिच्या घरी पोचते केले. गोजरबाईने पहिल्या दळणाच्या भाकरी आळीत वाटल्या.

निरोप ऐकून सिराजोद्दीनला काही उमजेना. दुसऱ्या दिवशी तो कचेरीत गेला. मागच्या अंगणात बैलगाडी उभी होती आणि तिच्यावर पोती चढत होती. त्याला स्वतःचे अक्षर दिसले. एक नाव, दुसरे, मग धावड्याच्या म्हातारीचे. तो पुढे झाला आणि एका पोत्याचे तोंड धरून त्याने ते उलटसुलट पाहिले. हमाल म्हणाला, "काय हुडकून राह्यले?" धुतलेल्या तागात एका ठिकाणी निळीचा नखाएवढा डाग राहिला होता, एवढेच त्याला आठवते.

१२. यापुढची गोष्ट अर्जदाराने स्वतःहून लिहायला सांगितली. त्याने गोजरबाईला खरे सांगितले नाही. तो केदारखेड्याला गेला, तिच्या ओट्यावर बसला. तिने त्याला त्याच ज्वारीची भाकरी वाढली आणि त्याने ती खाल्ली. ती सांगत होती की गावात आता बाया तिच्याकडे चित्र शिकायला येतात, दीर पूर्वी "भिंत घाण करते" म्हणत असे तो आता गप्प असतो. "कुठं टांगलीत म्हनं सरकारनं?" तिने विचारले. तो म्हणाला, "मोठ्या जागी." उठून तो ट्रकपर्यंत चालत गेला. याकूबने विचारले, "सांगितलं?" त्याने नकारार्थी मान हलवली. याकूब म्हणाला, "दुल्हेभाई, तिला दुसऱ्याकडून कळलं तर वाईट होईल." हे सिराजोद्दीनलाही माहीत होते. घरी बायको फरजाना हिनेही तेच सांगितले. पण गोजरबाईच्या तोंडावरचा आनंद आपल्या हाताने पुसायचा त्याला धीर झाला नाही, आणि असा एक महिना गेला.

१३. सप्टेंबरात दुकानाची तपासणी झाली. एक पोते कमी भरले. दुकानदाराने खरे ते सांगितले. मग दोन नोटिसा निघाल्या. पहिली गोजरबाईला: धुऊन वापरात घेतलेल्या रंगीत पोत्यांपैकी एका पोत्यातील सरकारी धान्याचा अपहार केल्याबद्दल, ते आठ दिवसांत परत करावे. दुसरी अर्जदाराला: सरकारी मालकीच्या एकेचाळीस पोत्यांवर परवानगीशिवाय खासगी इसमांची नावे लिहून धान्यवाटपात घोटाळा केल्याबद्दल आपणावर कारवाई का करू नये, याची कारणे दाखवा. अर्जनवीसाने ही नोटीस अर्जदारास दोनदा वाचून दाखवली. दुसऱ्यांदा ऐकल्यावर तो एवढेच म्हणाला, "अक्षर माझंच हाय, हे त्यांनी वळखलं म्हना."

गोजरबाईची नोटीस मास्तरांनी चावडीपुढे वाचली, कारण ती चावडीवर आली होती. ज्यांनी तिच्या भाकरी खाल्ल्या ते सगळे तेथे होते.

१४. आपली नोटीस ऐकली त्याच दिवशी सिराजोद्दीन केदारखेड्याला निघाला. गोजरबाई ओसरीत बसली होती. तिने त्याला बस म्हटले नाही. तिने विचारले, "तुम्हाला ठाव होतं?"

"होतं."

"कवापासून?"

"महिना झाला."

"माझ्या घरी भाकर खाल्ली तवा ठाव होतं?"

"होतं, बाई."

ती मग म्हणाली, "चौदाबी धुतली?"

"चौदाबी."

"दमलेले बैल?"

"तेबी, बाई."

"मंग दुसरं काय ऱ्हायलंय," ती म्हणाली. "मी गावाला सांगितलं, सरकारनं मला धाडलं म्हनून. ते तरी तुम्ही सांगू द्यायला नको होतं."

त्याने जालन्याहून पोतेभर ज्वारी आणून देतो म्हटले. ती म्हणाली, "खाल्ली मी. भरीन मी." तिने स्वतःच्या कणगीतली काढली, उरलेली आळीत उसनी मागितली. ज्या बायांनी भाकरी नेल्या होत्या त्यांच्यापैकी काहींनी दिली, काहींनी दार लावून घेतले. पोते भरल्यावर तिने ते स्वतः शिवले. याकूबने ट्रक आणला. त्या दिवशी केबिनमध्ये न बसता ती मागे, पोत्यापाशी बसली.

१५. कचेरीत पोते तोलले. अडीच शेर ज्वारी जास्त भरली. कारकुनाने ती काढून तिच्या पदरात घातली, कारण जास्तीचे धान्य ठेवून घेता येत नाही. तिला पावती मिळाली. तिने विचारले, "रिकामं पोतं देता का? त्याच्यावर माझं नाव हाय." पोते सरकारी असल्यामुळे ते देता आले नाही. "मंग नाव तरी पुसा," ती म्हणाली. "उद्या आनखी कुनाच्या दारात जाईल अन् माझ्या नावानं कुनीतरी चोर ठरंल." त्यावर सांगण्यात आले की सरकारी मालमत्तेवरील मजकूर खोडण्याचा अधिकार या कचेरीला नाही, त्यासाठी जिल्ह्याचा हुकूम लागेल.

हा अर्ज त्या एका वाक्यावरून लिहिला आहे.

१६. अर्जदार नुकसानभरपाई मागत नाही. चित्रेही मागत नाही, कारण जे नाही ते साहेबांनाही देता येणार नाही. त्याच्या मागण्या दोनच आहेत. गोजरबाई यांच्या नावापुढे वहीत 'अपहार, वसूल' असा शेरा पडला आहे. तो खोडून 'कचेरीच्या चुकीने दिले, बाईने परत केले' असे लिहावे. आणि एकेचाळीस पोती आज ज्या ज्या गोदामांत व दुकानांत असतील, तेथे जाऊन त्यांवरील नावे पुसण्याची अर्जदारास परवानगी द्यावी. तेल, चिंध्या व ब्रश तो स्वतः आणील, ट्रक याकूबचा आहे, मजुरी नको. ज्यांची नावे आहेत त्या एकोणीस गावच्या माणसांकडे तो आधी जाईल आणि काय झाले ते प्रत्येकाला स्वतः सांगेल. गोजरबाईच्या बाबतीत त्याने जो उशीर केला, तो आता दुसऱ्या कोणाच्या बाबतीत त्याला करायचा नाही. नोटिशीबद्दल कारवाई करायची असल्यास अर्जदार हजर आहे. मात्र नावे पुसून झाल्यावर ती करावी, एवढी विनंती.

१७. अर्जावर गोजरबाईचाही अंगठा असावा म्हणून अर्जनवीस स्वतः अर्जदाराबरोबर केदारखेड्याला गेला होता. दिवाळी होऊन गेली तरी तिची भिंत नुसती पांढरी होती. तिने अर्ज सबंध ऐकून घेतला. शाईची डबी पुढे केली तेव्हा तिने हात पदराखाली घेतला आणि म्हणाली, "तुमचं काय असंल ते लिहा. माझं नाव आता कुठं लिहू नका." हकीकत तिच्या नावावाचून सांगता येत नव्हती, म्हणून ते वर लिहावे लागले. अंगठा नाही.

सोबत: सामानाची पावती, कारणे दाखवा नोटीस, ज्वारी परत केल्याच्या पावतीची नक्कल.

हुकमाची वाट पाहत,
सिराजोद्दीन वल्द करीमोद्दीन (सही उर्दूत)

लिहून देणार: भालचंद्र, अर्जनवीस
जालना, दि. ११ डिसेंबर १९५७